लेन टनिक्लिफचा साधा ठेका

लेन टनिक्लिफला सकाळी कुणी "काय लेन, कसं काय?" असं विचारलं, तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. प्रश्नात वाईट काही नसायचं, पण विचारणारा नेमका त्याच्या मोजणीच्या मध्ये तडमडायचा. लेन सतत काहीतरी मोजत असे. बसच्या वायपरची खरखर, बायको डोरीनच्या शिवणयंत्राची टकटक, पलीकडच्या कारखान्यात कपबशांच्या फळ्या आपटल्याचा आवाज, या सगळ्याखाली त्याची बोटं मांडीवर चालायची आणि ती कधीच चारावर थांबायची नाहीत. सात, अकरा, तेरा. चार मात्रांचा सरळ ठेका लग्नाच्या हॉलमध्ये बिअर ढोसून नाचणाऱ्या काकालोकांसाठी असतो, असं त्याचं ठाम मत होतं आणि ते तो न विचारता सांगायचा.

बर्स्लेम हे इंग्लंडमधलं चिनीमातीच्या कारखान्यांचं गाव; तिथे जन्मलेला माणूस मातीत हात घालणारच. लेनचा बाप भट्टीवर होता, आई एल्सी कपांच्या कडांना सोनेरी रेघ मारायची, आणि लेनही शाळा सुटल्यावर त्याच कारखान्यात लागला. बापाकडून त्याला तापट डोकं मिळालं आणि युनियनवरची आंधळी निष्ठा मिळाली. पुढे तो कारखाना सोडून ड्रम वाजवायला लागला, पण युनियन सुटली नाही. तो वादकांच्या युनियनच्या स्थानिक शाखेचा चिटणीस झाला. बैठकीला कुणी येवो न येवो, हा आपला दर महिन्याला खुर्च्या मांडून बसायचा.

त्याच्या बँडचं नाव टिन कॅथीड्रल. सुरुवातीला ही पोरं एका पत्र्याच्या प्रार्थनाघरात सराव करायची, त्यावरून ते नाव पडलं. गायचा जुलियन मीकिन, डोक्याला बगळ्याचा मुखवटा बांधून. हॉवर्ड दोन्ही हातांनी चार तऱ्हेचे पियानो-ऑर्गन वाजवायचा, त्यातला एक हवा दमट झाली की रडायला लागायचा. बासवाला टेरी होता, त्याने आयुष्यात एक वाक्य पूर्ण केलेलं कुणी ऐकलं नव्हतं. 'नऊ बहिणींची भट्टी' ही त्यांची सर्वांत गाजलेली रचना. ती रेकॉर्डची एक अख्खी बाजू खायची. तिच्यात ठेका इतक्या वेळा बदलायचा की हॉवर्डला सम सापडावी म्हणून लेन हनुवटीने खूण करायचा. ऐकायला यायचे ते लांब कोट घातलेले दाढीवाले. खिशात हात घालून, डोळे मिटून ते मोजत उभे राहायचे. एकदा लीड्सला लेनने एक मात्रा जास्त घेतली, तर मागून कुणीतरी ओरडलं, "बारा झाल्या!" लेन त्या माणसाची आठवण पुढे कितीतरी वर्षं डोळ्यांत पाणी आणून काढायचा. त्याला श्रोता म्हणतात, म्हणायचा.

त्या गर्दीत बायका जवळजवळ नसत. डोरीन दोनदा गेली आणि पुन्हा गेली नाही.

"तुमच्या गाण्यावर नाचायचं तर एक पाय जास्तीचा लागतो," ती म्हणायची.

"नाचायला कोण सांगतंय तुला?"

"तेच तर म्हणते मी."

त्याच्या वाजवण्यात त्याची म्हणून एक खूण होती. कडवं संपून दुसरं सुरू होताना त्याचा डावा हात एक ठोका जरासा उशिरा टाकायचा. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी, तशी ती छोटीशी ठेच. दाढीवाले तिला 'लेनची ठेच' म्हणायचे. लेन चिडका, कटकट्या, घरी असह्य माणूस होता. पण ती ठेच त्याची होती, आणि जगात आपण कुणीतरी आहोत याचा त्याच्याजवळ तेवढा एकच पुरावा होता.

मग दिवस फिरले. कानात पिना टोचलेली पोरं तीन सूर शिकून मंचावर चढली, दाढीवाल्यांना मुलं झाली, हॉल रिकामे पडायला लागले. ऐंशी साल उजाडलं तेव्हा रेकॉर्ड कंपनीत एक नवा साहेब आला होता. लेनचा कोट त्याच्याहून वयाने मोठा असेल. त्याने गोड हसून सांगितलं, की रेडिओवर वाजेल असं एक छोटं गाणं द्या, नाहीतर आपण मित्र म्हणून निरोप घेऊ.

हॉवर्डच्या स्वयंपाकघरात बैठक बसली.

"लोक बदललेत, लेन," जुलियन म्हणाला.

"लोक बदललेत म्हणून मी चड्डी उलटी घालू का?"

"तीन मिनिटांचं गाणं आहे रे बाबा. कुणी मरत नाही त्याने."

"तीन मिनिटांत माझं अजून स्टूलही नीट होत नाही!"

"लेन," हॉवर्ड हळूच म्हणाला, "माझ्या घराचे हप्ते आहेत."

लेनने टेबलावर मूठ आपटली आणि म्हणाला, मतं घ्या. मतं घेतली. तिघांचे हात वर गेले. टेरीचा अर्धाच गेला, पण तो त्याच्या स्वभावाप्रमाणे. बहुमत म्हणजे बहुमत. लेनला लहानपणापासून हेच शिकवलेलं होतं. तो दात-ओठ खात उठला, कप विसळून ठेवला आणि बहुमताबरोबर गेला.

त्यानंतर जे सुरू झालं ते बघून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुलियनने केस कापले. बगळा माळ्यावर गेला आणि कोपरापर्यंत बाह्या दुमडलेली पांढरी जाकिटं आली. नाव लांब आहे, टी-शर्टवर मावत नाही, म्हणून कंपनीने कॅथीड्रल उडवलं आणि नुसतं 'टिन' ठेवलं.

"टिन?" एल्सी म्हणाली. "कसला? बीन्सचा?"

"मला विचारू नकोस, आई."

गाण्याचं नाव होतं 'बार्बरा, फोन उचल'. बँडमधला एकही जण कुठल्या बार्बराला ओळखत नव्हता. ते ध्वनिमुद्रित करायला लंडनचा रिक डेलमार नावाचा निर्माता नेमला होता. मार्च महिन्यातही तो उन्हात भाजल्यासारखा तांबूस होता, आणि एवढ्यावरूनच लेनने त्याच्याबद्दल काय ते ठरवून टाकलं. लेन आपला सगळा संसार व्हॅनमध्ये घालून घेऊन गेला होता: सगळे ड्रम, झांजा, पितळी नळ्या, आणि दोन माणसांनी उचलायची ती मोठी घंटाथाळी. रिकने चार ड्रम आत ठेवले आणि बाकीचं बाहेर काढायला सांगितलं.

"ही थाळी कशाला आणलीस?" त्याने विचारलं.

"बार्बराने फोन नाही उचलला तर वाजवू," लेन म्हणाला.

कुणी हसलं नाही. वाजवायला सुरुवात झाली. पहिलं कडवं सरळ गेलं. दुसरं सुरू होताना लेनचा डावा हात त्याच्या सवयीने उशिरा पडला.

काचेपलीकडून रिकने थांबवलं. "तिथे काय झालं?"

"कुठे?"

"कडव्याच्या तोंडाशी. ठेच लागल्यासारखं."

"तिथे मी आहे," लेन म्हणाला. "अख्ख्या गाण्यात मी तेवढाच आहे."

"मला तिथे तू नको आहेस, लेन. मला तिथे ठोका हवा आहे."

पुन्हा वाजवलं, पुन्हा ठेच. परत, परत, दुपार कलेपर्यंत तेच. लेन स्वतःवरच खेकसायला लागला. वाजवताना त्याला वाटायचं, या वेळी गेली. काचेपलीकडे रिकचं डोकं हलायचं, गेली नाही. शेवटी एकदा रिक हात वर करून म्हणाला, "झकास. झालं. घरी जा, विश्रांती घे."

व्हॅन घेऊन घरी आल्यावर लेन कोटही न काढता स्वयंपाकघरात बसला.

"शेवटच्या वेळी काढली बरं का ती मी," तो डोरीनला म्हणाला. "आपल्याच हाताचं बोट आपणच कापून द्यावं तसं वाटलं. साला तांबड्या तोंडाचा."

डोरीनने त्याच्यापुढे चहा ठेवला.

उन्हाळ्यात रेकॉर्ड बाहेर पडली आणि रेडिओने ती उचलली. अगदी डोक्यावर घेतली. न्हाव्याकडे बार्बरा, बसमध्ये बार्बरा, गॅरेजमध्ये गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय बार्बराच्या तालावर हलताहेत. लेन ओट्सची धिरडी आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, की दुकानवाली व्हेरा रांगेसमोर ओरडायची, "आला गं आपला बार्बरावाला! काय वाजवलंयस रे राजा, पाय थांबत नाहीत."

"पाय थांबत नाहीत म्हणूनच ते भिकार आहे, व्हेरा. सहा द्या, चीज वेगळं."

पण सर्वांत जास्त छळलं ते आईने. एल्सीला आपला मुलगा काय करतो हे लोकांना सांगण्याची सोय कधी नव्हती. घरापुढे व्हॅन उभी असे, म्हणून ती इतकी वर्षं "मालवाहतुकीत आहे" असं सांगून वेळ मारून नेत आली होती. आता तिला तोंड फुटलं. प्रार्थनाघरात, बिंगोला, डॉक्टरकडच्या बाकावर, जिथे बसेल तिथे तिचा लेन सुरू. अंगणात कपडे वाळत घालताना तीन घरं पलीकडच्या बाईला ती खिडकीतून रेडिओ दाखवायची. "ऐकलंस? ते धप-धप चाललंय ना, तो माझा."

"आई, पुरे झालं. त्यात काही नाहीये. माकडाला शिकवलं तर माकड वाजवेल."

"इतकी वर्षं तू भांडी पाडल्यासारखं वाजवलंस, तेव्हा मी कुणाला एक शब्द बोलले का? आता तरी बोलू दे मला."

लेन चरफडायचा, पण थांबवायचा नाही. खरं सांगायचं तर आत कुठेतरी त्याला ते गोड लागायला लागलं होतं आणि म्हणून तो आणखीच चिडायचा. एका संध्याकाळी पबमध्ये डोरीनचा भाऊ नेव्हिल म्हणाला, की असलं सरळ वाजवणं कुणाचंही असू शकेल. लेनने ग्लास खाली ठेवला.

"कुणाचंही? अरे, माझा हात हजारात ओळखू येतो. एका ठोक्यात. हे गाणं भिकार आहे, मान्य. पण शेवटी ती झांज ऐक. वाजल्या वाजल्या बोटांनी दाबून गप्प केली आहे. अशी दाबायला वीस वर्षं लागतात. ती माझी. कितीही रंधा मारा, माणूस कुठूनतरी डोकावतोच."

नेव्हिलने दुसऱ्या दिवशी रेडिओला कान लावून ती झांज ऐकली आणि येऊन सांगितलं, की हो बुवा, आहे खरी.

ऑगस्टमध्ये दूरदर्शनवरून बोलावणं आलं. गुरुवारी संध्याकाळी सगळा देश ज्याच्यासमोर जेवतो, तो गाण्यांचा कार्यक्रम. जुलियनचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज आनंदाने चिरका झाला होता.

या कार्यक्रमाला एक अट असायची, ती युनियनने घातलेली. रेकॉर्ड लावून तिच्यावर नुसते ओठ आणि हात हलवायचे नाहीत. आदल्या दिवशी स्टुडिओत बसून तेच गाणं त्याच वादकांनी नव्याने वाजवायचं, युनियनचा माणूस समोर बसलेला असताना, आणि दूरदर्शनवर वाजेल ती टेप ही. वादकांना दोन तासांचे जास्तीचे पैसे मिळावेत हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात काय व्हायचं, तर युनियनच्या माणसाला जेवायला पबमध्ये न्यायचे, आणि तो परत येईपर्यंत मूळ रेकॉर्डचीच टेप नव्या डब्यात घालून ठेवायचे. त्यालाही ते ठाऊक, यांनाही ठाऊक. सगळेच करत.

"आपणही तेच करू," जुलियन म्हणाला. "तू फक्त गप्प बस."

"काय करू म्हणालास?"

"लेन, रिकने सगळी व्यवस्था केली आहे."

"मी शाखेचा चिटणीस आहे, जुलियन! महिन्याच्या महिन्याला लोकांना नियम वाचून दाखवतो मी!"

"तुझ्या बैठकीला कोण येतं?"

"कोण येतं हा प्रश्नच नाही. तीन मिनिटांचं गाणं वाजवायला तुम्हाला जड जातंय? तुम्हीच म्हणाला होता ना, कुणी मरत नाही त्याने?"

फोनवर जुलियनने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "ऐक माझं. या एका बाबतीत ऐक. तुझ्याच भल्याचं आहे." एरवी कुणी आपल्या भल्याचं सांगितलं की लेनला संशय यायचा, पण तेव्हा तो इतका संतापलेला होता की संशयाला जागा उरली नव्हती. त्याने फोन आपटला, आणि लगेच उचलून थेट लंडनला युनियनच्या मिस्टर प्रॉबर्टना लावला. बुधवारी आपलं ध्वनिमुद्रण आहे, खुर्ची सोडू नका, जेवणाची काळजी करू नका, म्हणाला.

बुधवारी मिस्टर प्रॉबर्ट आले. वाळकुडा, सौम्य माणूस. आल्याआल्या त्यांनी सवयीने टोपी खुंटीला न लावता हातातच ठेवली, कारण निघायचंच होतं. रिक त्यांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "चला मिस्टर प्रॉबर्ट, कोपऱ्यावर मटणाची पाई फार छान मिळते."

"थांबा," लेन म्हणाला. त्याने पिशवीतून चंदेरी कागदात बांधलेली गरम गुंडाळी आणि चहाचा थर्मास काढला. "ओट्सची धिरडी. आत चीज आणि बेकन. डोरीनने पहाटे उठून केलीत. तुम्ही इथेच बसा आणि आम्हाला ऐका."

मिस्टर प्रॉबर्टनी एक घास घेतला आणि टोपी खुंटीला लावली.

रिकचं तांबूस तोंड पांढरं पडलं. त्याने जुलियनकडे पाहिलं, जुलियनने हॉवर्डकडे, हॉवर्डने आपल्या बुटांकडे. मग रिक लेनच्या दंडाला धरून त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला आणि दार लावून घेतलं.

"टनिक्लिफ, तू गाढव आहेस."

"नियम म्हणजे नियम."

"नियम काय म्हणतो? ज्याने रेकॉर्डवर वाजवलं, त्यानेच इथे वाजवायचं. बरोबर?"

"बरोबर."

"रेकॉर्डवर तू नाहीस."

लेन हसला. त्याला खरोखरच हसू आलं. "शेवटच्या वेळी मी ती ठेच काढली होती. तू झकास म्हणालास."

"शेवटच्या वेळीही ती होती. तुला कळलंही नाही, म्हणून मी तुला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी क्रॉयडनहून एक जण बोलावला. चहा थंड व्हायच्या आत वाजवून गेला तो."

"खोटं. मला कळलं असतं."

"पाच आठवडे रेडिओवर वाजतंय ते," रिक म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "कळलं का?"

लेनला ती झांज आठवली. बोटांनी दाबून गप्प केलेली. वीस वर्षं लागतात अशी दाबायला, आणि ती क्रॉयडनच्या कुठल्या तरी माणसाने दाबली होती. त्याला भयंकर लाज वाटली. त्याला फसवलं होतं याचा राग होताच, पण तो राग आता अगदी किरकोळ वाटत होता. मित्रांना माहीत होतं, हेही एकवेळ चाललं असतं. स्वतःचा नसलेला हात त्याने स्वतःचा म्हणून ऐकला, त्याला शिव्या दिल्या, त्याचं कौतुक घेतलं, आणि एकदाही त्याच्या कानाने हटकलं नाही. सगळं आयुष्य ज्या एका गोष्टीवर उभं होतं, ती नसली तरी त्याला कळत नव्हतं.

"आत जाऊन त्या म्हाताऱ्याला खरं सांगितलंस," रिक म्हणाला, "तर कार्यक्रम गेला, गाणं गेलं, हॉवर्डचं घर गेलं. नाहीतर त्याला पंधरा मिनिटं बाहेर फिरवून आण, मी टेप बदलतो. काय करायचं तुझं तू ठरव."

"मी वाजवतो," लेन म्हणाला.

"तुला जमणार नाही. मार्चमध्ये दिवसभर जमलं नाही."

"मी म्हणतोय ना, वाजवतो!"

तो आत गेला. जुलियन "लेन, ऐक..." असं काहीतरी म्हणायला लागला, त्याला त्याने हातानेच झटकलं. मिस्टर प्रॉबर्ट दुसऱ्या धिरड्यावर होते. लेन बसला आणि वाजवायला लागला. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्याच्या तोंडाशी डावा हात सवयीने मागे रेंगाळायला निघाला, आणि त्याने तो ओढून जागेवर आणला, हट्टी कुत्र्याची साखळी ओढतात तसा. तिसऱ्यालाही ओढला. शेवटी झांज वाजवली, बोटांनी दाबली, आणि संपलं.

काचेपलीकडे रिकने नवी टेप लावली, मग रेकॉर्डची लावली, मग पुन्हा नवी. डोकं बाहेर काढून त्याने विचारलं, "यातली तुझी कोणती?"

"विनोद नको करूस."

"विनोद नाही. मलाच कळत नाहीये. हे मार्चमध्ये का नाही वाजवलंस?"

लेनने काठ्या पिशवीत घातल्या. मिस्टर प्रॉबर्टनी रुमालाला हात पुसून कागदावर सही केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपण अख्खं ध्वनिमुद्रण पाहिलं, म्हणाले, आणि डोरीनला आभार सांगायला सांगून गेले. मग कॅमेरे आले, आणि लेनने पांढरं जाकीट घालून आपल्याच वाजवण्यावर हात हलवले. कुणाशीही न बोलता तो शेवटच्या गाडीने घरी आला.

गुरुवारी संध्याकाळी एल्सी ठेवणीतलं स्वेटर घालून दूरदर्शनसमोर सर्वांत पुढे बसली. नेव्हिल बटाट्याच्या कापांचं पुडकं घेऊन आला होता. डोरीन खुर्चीच्या हातावर टेकली. लेन दारात उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

"आला, आला!" एल्सी ओरडली. पडद्यावर धूर सोडला होता, जुलियन दात दाखवत होता, आणि त्याच्या कोपराखालून मधूनमधून लेन दिसत होता.

"तोंड बघा कसं केलंय," नेव्हिल म्हणाला. "जुलाबाचं औषध घेतल्यासारखं. आणि एल्सीमावशी, हे काही खरं नसतं हां. मागून रेकॉर्ड लावतात आणि हे नुसते हात हलवतात."

"रेकॉर्ड नाहीये ती," लेन दारातून म्हणाला. "काल पुन्हा वाजवलं आम्ही. ऐकू येतंय तो मी आहे."

"बरं, पुन्हा वाजवलं. पण रेकॉर्डवरही तूच ना? मग तुझ्यावर तुझंच लावलं. फरक काय पडला?"

गप्प बसायला हरकत नव्हती. आजवरचं सगळं कौतुक तसंच राहिलं असतं, आणि क्रॉयडनच्या माणसाला बर्स्लेमचा पत्ता ठाऊक नव्हता. पण हे जे आत्ता पडद्यावरून येत होतं ते त्याचं स्वतःचं होतं, गेल्या पाच आठवड्यांतलं पहिलं, आणि तेही त्याच परक्या माणसाच्या नावावर जमा होतंय हे त्याला सहन होईना.

"रेकॉर्डवर मी नाही," तो म्हणाला.

नेव्हिलचा हात पुडक्यातच राहिला.

"नाहीस म्हणजे?" एल्सीने मान वळवली.

"लंडनकडचा एक माणूस आहे, आई. मला न सांगता त्याच्याकडून वाजवून घेतलं. मला कालच कळलं."

"मग मी इतके दिवस गल्लीत कुणाचं कौतुक सांगत फिरत होते?"

डोरीन उठून त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

"आणि हा?" एल्सीने पडद्याकडे बोट केलं.

"हा मी."

एल्सी पुन्हा पुढे वळली. हात गुडघ्यांवर ठेवून, मान थोडी तिरकी करून तिने लक्षपूर्वक ऐकलं. आयुष्यात मुलाचं वाजवणं तिने असं कधीच ऐकलं नव्हतं. बार्बराने शेवटपर्यंत फोन उचलला नाही, झांज वाजून दबली, टाळ्या झाल्या. तोवर तिने डोळा हलवला नाही.

"मला तर तेच वाटतंय रे," ती शेवटी म्हणाली. "तो काय आणि तू काय, मला काही वेगळं लागलं नाही."

"मलाही नव्हतं लागलं, आई," लेन म्हणाला.